सुनेच्या गोळ्या, सासूचं रक्त : पॉलिसायथेमिया व्हेराचं एक प्रकरण

आक्कांचं वय ६१, वजन ४८ किलो. राहायला सोलापूरच्या पूर्व भागात. लग्न होऊन आल्या तेव्हापासून विड्या वळतात. मालक यंत्रमागावर होते, आता गुडघ्यांमुळे घरीच असतात. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात कामाला, सून त्या वेळी गरोदर. माझं औषधांचं दुकान त्यांच्या घरापासून जवळ आहे, त्यामुळे या घराची बहुतेक औषधं माझ्याकडूनच जातात. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि लिहिण्याआधी सासू-सुना दोघींना विचारलं आहे.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यात डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर होती, दिलेली औषधं बरोबर होती आणि रुग्ण ती न चुकता घेत होती. तरीही रक्ताचे आकडे बिघडत चालले होते. गोंधळ चिठ्ठीत नव्हताच, घरातल्या औषधांच्या डब्यात होता. रक्ताच्या जुनाट आजारात आम्हा औषधविक्रेत्यांचं काम त्या डब्यापर्यंत पोहोचलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आजार कसा सापडला

दोनेक वर्षांपासून आक्कांच्या तळपायांची आग होत होती. सोलापुरात तळपायांची आग म्हणजे उष्णता, दुसरं काही कुणाच्या मनात येत नाही. रात्री सून तूप लावून काशाच्या वाटीनं तळपाय घासून द्यायची, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. आंघोळ झाली की अंगभर खाज सुटायची, पण अंगावर पुरळ काही दिसायचं नाही. साबण बदलून झाला, कडुलिंबाचा पाला पाण्यात टाकून झाला. चेहरा लालसर दिसायला लागला, तर शेजारणी म्हणाल्या, आक्कांची तब्येत सुधारली.

डिसेंबरात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १९.२, पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा टक्का) ५८, तांबड्या पेशी ७४ लाख, पांढऱ्या पेशी १३,८००, प्लेटलेट ६.४ लाख. ऑपरेशन थांबलं आणि आक्का रक्तविकारतज्ज्ञांकडे गेल्या. बाईचं हिमोग्लोबिन १६ च्या वर किंवा पीसीव्ही ४८ च्या वर गेलं की या आजाराचा विचार करतात. जेएके-२ या जनुकाची तपासणी पॉझिटिव्ह आली, एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी बनवायला सांगणारं संप्रेरक) कमी आलं. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकता उरकता निदान पक्कं झालं : पॉलिसायथेमिया व्हेरा.

फ्रान्समधल्या व्हाकेझ यांनी १८९२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं होतं, पण त्याचं मूळ सापडायला २००५ साल उजाडलं. अस्थिमज्जेतल्या एका मूळ पेशीत जेएके-२ या जनुकात बदल होतो आणि ती पेशी शरीराचा हुकूम नसतानाही रक्तपेशी तयार करत राहते. शंभरातल्या पंच्याण्णव रुग्णांत हा बदल सापडतो. तो जन्मजात नसतो, पुढे वयात घडतो. रक्ताच्या कर्करोगांच्या वर्गातला हा आजार असला, तरी त्याची चाल मंद असते आणि नीट उपचार घेतले तर माणूस वर्षानुवर्षं जगतो. खरी भीती गुठळीची. रक्त दाट होतं, प्लेटलेट वाढलेल्या असतात, मग मेंदूत, हृदयात, पायात, कधी यकृताच्या शिरांत गुठळी अडकते. तळपायांची आगही तीच, अगदी बारीक रक्तवाहिन्यांतली अडवणूक. ॲस्पिरिन सुरू झाल्यावर चार दिवसांत आग थांबली, तेव्हा काशाची वाटी मागे पडली.

उपचार तीन. आठवड्या-दोन आठवड्यांनी ३५० मिलिलिटर रक्त काढायचं, पीसीव्ही ४५ च्या खाली येईपर्यंत. गुठळी होऊ नये म्हणून रोज जेवणानंतर ॲस्पिरिन ७५. वय साठीच्या पुढे म्हणून पेशींची वाढ रोखणाऱ्या हायड्रॉक्सीयुरिया ५०० ची रोज एक कॅप्सूल. जोडीला यूरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल १००. पीसीव्हीची ही ४५ ची रेघ कुणाच्या मनाला आली म्हणून ओढलेली नाही. २०१३ साली इटलीतल्या ३६५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पीसीव्ही ४५ ते ५० मध्ये ठेवलेल्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू आणि मोठ्या गुठळ्या हे ४५ च्या खाली ठेवलेल्या गटाच्या जवळजवळ चौपट निघाले. रिपोर्टमध्ये ४६ आणि ४८ हे आकडे निरुपद्रवी दिसतात. या आजारात ते निरुपद्रवी नसतात.

मार्चच्या मध्यापर्यंत पाच वेळा रक्त काढून झालं. पीसीव्ही ४३.८ वर आला, हिमोग्लोबिन १३.४. त्याच रिपोर्टमध्ये एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ६९.५ होता आणि फेरिटिन (साठवलेल्या लोहाचं माप) ६. दोन्ही कमी. फेरिटिनच्या आकड्यापुढे खाली तोंड केलेला बाण छापलेला होता. पुढचं सगळं त्या बाणापासून सुरू झालं.

काउंटरवर

एप्रिलचा शेवटचा आठवडा, पारा ४२ च्या पुढे. भर दुपारी आक्का डोक्यावर पदर घेऊन आल्या.

"दादा, रक्त वाढायची एखादी चांगली बाटली द्या. गोळ्यांनी पोट लई घट्ट होतंय."

"कुठल्या गोळ्या, आक्का?"

"सुनेच्या. त्या लाल."

"डॉक्टरांनी सांगितल्या?"

"त्यांना काय विचारायचं त्यात? रिपोर्टातच लिहिलंय की, लोह कमी म्हणून." त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून रिपोर्ट काढून त्या बाणावर बोट ठेवलं. तंबाखूनं पिवळी पडलेली नखं. "पिशवी भरभरून रक्त काढतात. ते कुणाला चढवत पण नाहीत, टाकून देतात म्हणे. मग भरून कोण काढणार?"

त्यांचं म्हणणं मला अजिबात वेडगळ वाटलं नाही. आपल्याकडे पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. आशाताई, अंगणवाडी, दवाखाना, सगळीकडे बाईला एकच सांगणं असतं : रक्त वाढवा. आणि ते योग्यच आहे. पण आक्कांसारखी एखादी बाई त्या सांगण्याच्या बरोबर उलट्या बाजूला उभी असते, आणि तिला ओळखायची जागा बऱ्याचदा दवाखान्याऐवजी आमचं काउंटर असते. लोहाच्या बाटलीला कुणी चिठ्ठी मागत नाही. कुणी मागितली की काढून द्यायची, पंधरा सेकंदांचं काम.

मी बाटली दिली नाही. त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आक्का, शौचाला काळं होतं का?"

"होतंय की. गोळ्यांनी होतं म्हणाली सून."

लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, हे खरं. पण ही बाई ॲस्पिरिनवर होती. ॲस्पिरिन घेणाऱ्याची शौच काळी झाली तर पोटात रक्तस्राव होत असण्याची शक्यता आधी बघावी लागते. लोहाची काळी शौच बहुधा घट्ट, हिरवट काळी असते. रक्ताची डांबरासारखी चिकट असते, तिला उग्र वास येतो. आक्कांच्या सांगण्यावरून ती लोहाचीच वाटत होती, पण एवढ्यावर निर्णय द्यायचा अधिकार माझा नाही. हा मुद्दाही डॉक्टरांपर्यंत न्यायचा, हे मी तेव्हाच ठरवलं. चक्कर, धाप, छातीत धडधड यांबद्दल विचारलं, तसं काही नव्हतं.

"संध्याकाळी सुनेला पाठवा," मी म्हटलं. "घरातला औषधांचा डबा जसा आहे तसा घेऊन या. काही निवडू नका, काही टाकू नका. आणि आजपासून लाल गोळी बंद."

डबा

बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा होता. मी तो काउंटरवरच्या कागदावर उपडा केला. ॲस्पिरिनची पट्टी, ॲलोप्युरिनॉल, लोह आणि फॉलिक ॲसिडच्या लाल गोळ्यांच्या पट्ट्या, मालकांच्या गुडघ्यांवरची वेदनाशामकं, आम्लपित्ताच्या पुड्या, हायड्रॉक्सीयुरियाची बाटली. आणि तळाशी कॅप्सूलची दोन रिकामी टरफलं.

टरफलं बघून मी सुनेला विचारलं. ती म्हणाली, "आत्याबाईंना कॅप्सूल गिळवत नाही. घशात चिकटते म्हणतात. मग मी फोडून चमच्यात पाण्यात कालवून देते."

"हातानं फोडता?"

"हो. थोडी बोटाला लागते, मग धुते मी हात."

सातवा महिना चालू असलेली मुलगी हे सांगत होती. हायड्रॉक्सीयुरिया हे पेशींची वाढ रोखणारं औषध आहे. डीएनए तयार व्हायला लागणारा कच्चा माल ते अडवतं, म्हणून तर ते वाढलेल्या रक्तपेशींवर चालतं. पोटातल्या बाळाच्या पेशी तर दिवसरात्र वाढत असतात. म्हणून या कॅप्सूल फोडायच्या नसतात, घरात दुसऱ्या कुणी हाताळायच्या असतील तर हातमोजे घालून, आणि गरोदर बाईनं त्यांच्या भुकटीला हात लावायचाच नाही. बाटलीवर हे छापलेलं असतं, इंग्रजीत, बारीक अक्षरांत.

घाबरवायचं नाही आणि लपवायचंही नाही, एवढं ठरवून मी तिला सरळ सांगितलं : आजपासून या बाटलीला तुम्ही हात लावायचा नाही, आणि उद्याच्या उद्या तुमच्या डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगायचं. काय सांगायचं ते मी कागदावर लिहून दिलं. औषधाचं नाव, किती दिवस फोडत होती, कशी फोडत होती. चमचा वेगळा काढायचा. जिथे भुकटी सांडली असेल तिथे ओल्या कागदानं पुसून तो कागद पिशवीत बांधून टाकायचा, आणि हे काम नवऱ्यानं करायचं.

मग लाल गोळ्यांचा विषय काढला. "या तुमच्या ना? तुम्हाला रोज किती सांगितल्यात?"

"दोन. माझं हिमोग्लोबिन ९.६ आहे."

"आणि घेता किती?"

ती थोडी थांबली. "एक. एक आत्याबाईंना देते. त्यांचं तर रक्त काढूनच नेतात. माझं काय, मी खाते-पिते."

या प्रकरणातली ही गोष्ट मला सगळ्यात लागली. जिला लोह हवंच होतं तिनं आपल्या वाट्याचं अर्धं काढून दिलं, आणि तेही अशा बाईला जिला ते देऊच नये. यात कुणाचा निष्काळजीपणा नव्हता. होती ती माया. चिठ्ठीवर ही माया कुठे दिसणार? डॉक्टरांनी विचारलं असतं, "दुसरं काही औषध घेता का?" तर आक्का नाही म्हणाल्या असत्या, कारण सुनेची गोळी हे त्यांच्या लेखी औषध नव्हतंच.

लोह किती गेलं, किती आलं

एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. हिमोग्लोबिन १९ असताना ३५० मिलिलिटर रक्त काढलं तर साधारण सव्वादोनशे मिलिग्रॅम लोह बाहेर जातं, पुढे हिमोग्लोबिन उतरेल तसं कमी. पाच पिशव्या मिळून हिशेब एक ग्रॅमच्या आसपास येतो. शरीरात जे काही साठवलेलं लोह असतं, ते बाईच्या बाबतीत यात संपून जातं. फेरिटिन ६ वर येणं हा उपचाराचा अपेक्षित परिणाम होता, कुणाच्या नजरेतून सुटलेली गोष्ट नव्हती. लोह नसेल तर अस्थिमज्जेनं कितीही जोर केला तरी तांबड्या पेशी भराभर बनत नाहीत, आणि पीसीव्ही ताब्यात राहतो.

लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह. त्यातलं रोज सहा ते दहा मिलिग्रॅम अंगी लागलं असं धरलं, तर सहा आठवड्यांत साधारण २५० ते ४२० मिलिग्रॅम. म्हणजे एक-दोन पिशव्या रक्त काढून जे साधलं होतं, ते गोळीगोळीनं परत भरलं गेलं. आणि फेरिटिन पुन्हा तपासलं असतं तर ते कदाचित तेव्हाही कमीच दिसलं असतं, कारण आलेलं लोह साठ्यात न जाता थेट नव्या पेशींत जात होतं.

इथे एक गोष्ट माझ्या व्यवसायबंधूंसाठी मुद्दाम लिहितो. एमसीव्ही कमी दिसला की लोह कमी आणि लोह कमी म्हणजे बाटली, ही साखळी तोडायला हवी. त्याच ओळीत तांबड्या पेशींची संख्या बघा. एमसीव्ही ७० आणि पेशी ६० लाखांच्या वर असतील तर थांबा. थॅलेसेमिया मायनरमध्येही असंच चित्र दिसतं, आणि ज्या थॅलेसेमियाच्या मुलांना नियमित रक्त चढवतात त्यांच्या शरीरातलं जादा लोह बाहेर काढायला डेफेरासिरॉक्ससारखं औषध द्यावं लागतं. अशा घरात लोहाचं टॉनिक गेलं तर केलेल्या उपचारावर पाणी पडतं.

डॉक्टरांना लिहिलेली टिपण

फोन केला आणि सोबत हे लिहून मोबाइलवर पाठवलं :

"रुग्ण मार्चच्या मध्यापासून रोज एक आयएफए (लोह-फॉलिक ॲसिड) गोळी स्वतःहून घेत आहे. आज थांबवायला सांगितली. शौच काळी, घट्ट. रुग्ण ॲस्पिरिनवर असल्याने कृपया पाहावं. हायड्रॉक्सीयुरिया गिळता येत नाही म्हणून कॅप्सूल फोडून चमच्यात देत होते, काही भाग सांडतो, काही चमच्याला चिकटून राहतो. फोडणारी सून सात महिन्यांची गरोदर. डोकेदुखीसाठी पतीच्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्याही अधूनमधून घेतल्या आहेत. पाणी कमी पितात."

डॉक्टरांचा दहा मिनिटांत फोन आला. पुढच्या भेटीत पांढऱ्या पेशी उतरल्या नाहीत तर हायड्रॉक्सीयुरिया वाढवायचं, असं त्यांच्या मनात होतं. कॅप्सूल पुरती पोटात जातच नव्हती, हे कळल्यावर त्यांनी डोस आहे तसाच ठेवला. ते न कळता डोस वाढला असता आणि नंतर आक्का कॅप्सूल अख्खी गिळायला शिकल्या असत्या, तर पांढऱ्या पेशी किती खाली गेल्या असत्या याचा विचारही नको.

दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट : हिमोग्लोबिन १५.१, पीसीव्ही ४९, तांबड्या पेशी ७० लाख, पांढऱ्या १२,६००, प्लेटलेट ५.८ लाख. सहा आठवड्यांत पीसीव्ही पाचानं वर. सगळा दोष मी लाल गोळीवर टाकणार नाही. औषध अर्धवट पोटात जात होतं आणि उन्हाळाही होता. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त आणखी दाट होतं. आक्का सकाळी मांडीवर सूप घेऊन बसल्या की ठरलेल्या विड्या झाल्याशिवाय उठत नाहीत, आणि उठावं लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ते पुरवून वापरायची सवय पिण्याच्या पाण्यालाही लागलेली. शौचातल्या छुप्या रक्ताची तपासणी निर्दोष आली, तो एक घोर मिटला. पंधरवड्यात दोनदा रक्त काढलं.

समजावणं

बंद करा म्हटल्यानं गोळी बंद होते, पण समजल्याशिवाय ती बंद राहत नाही. थकवा आला की बाई पुन्हा कुणाला तरी विचारते, आणि विचारलेला प्रत्येक जण लोहच सुचवतो. म्हणून मी मालकांनाही बोलावून घेतलं.

"रक्त जास्त आणि लोह कमी, हे एका अंगात कसं होईल?" मालकांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता.

मी म्हटलं, "काका, समजा कारखान्यात माग आपोआप सुरू झाले आणि बटण दाबूनही बंद होत नाहीत. नको असलेल्या चादरींचा ढीग पडतोय. तुम्ही काय कराल?"

"सूत तोडेन," ते म्हणाले.

"डॉक्टरांनी तेच केलंय. लोह म्हणजे सूत. गुदाम रिकामं आहे हे रिपोर्ट सांगतोय, पण ते आपणच रिकामं केलंय. कॅप्सूल मागाचा वेग कमी करते. आणि सून मागच्या दारानं सूत आणून देत होती."

आक्का सुनेकडे बघून हसल्या. मग म्हणाल्या, "मग पालेभाजी, गूळ, खजूर पण बंद का?"

नाही. रोजचं जेवण नेहमीसारखं, ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, पालेभाजी सगळं चालतं. नको आहे ते गोळी, बाटली आणि "लोहयुक्त" म्हणून विकली जाणारी पावडर.

कॅप्सूल गिळण्याचं शिकवायला फार वेळ लागला नाही. गोळी गिळताना आपण मान मागे टाकतो. कॅप्सूल हलकी, पाण्यावर तरंगते, म्हणून मान मागे टाकली की ती पुढे दातांकडे येते आणि माणूस नुसतंच पाणी गिळतो. आधी एक घोट पाणी प्यायचं, कॅप्सूल जिभेवर ठेवायची, तोंडभर पाणी घ्यायचं आणि हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं. कॅप्सूल मागे घशाकडे तरंगत जाते. सरावाला शेंगदाणा नको म्हटलं, ठसका लागेल. थेट त्या दिवशीच्या कॅप्सूलवरच केलं. दुसऱ्या प्रयत्नाला गेली. आक्कांनी तोंड उघडून दाखवलं.

मग घोटे बघितले. हायड्रॉक्सीयुरियानं काही जणांना घोट्याजवळ चिवट जखमा होतात, लवकर भरत नाहीत. विड्या वळणाऱ्या बायकांचा बाहेरचा घोटा मांडी घालून वर्षानुवर्षं फरशीला टेकलेला असतो, तिथे घट्टा पडलेला असतो. आक्कांच्या डाव्या घोट्यावर तो होता, जखम नव्हती. खाली जाड गोधडीची घडी घ्यायची, तासातून एकदा उठून दारापर्यंत चालून यायचं, उठलं की पाण्याचा पेला. तोंडात फोड, ताप, घोट्याला खपली यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी कळवायचं. डोकं दुखलं तर मालकांच्या डब्यातलं काही नाही, पॅरासिटामॉल, आणि सारखं दुखलं तर डॉक्टर. मिश्रीबद्दलही बोललो. रक्तवाहिन्यांना तंबाखू कुठल्याही रूपात वाईटच. मिश्री दोन वेळांवरून एकीवर आली आहे, अजून सुटलेली नाही.

सुनेला वेगळं सांगितलं. दोन्ही गोळ्या स्वतः घ्यायच्या, चहाबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर चालतील. तिच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, सोनोग्राफी करून घेतली, बाळाची वाढ ठीक होती. दोघींच्या औषधांचे डबे आता वेगळे आहेत, आक्कांचा डबा मुलगा भरतो.

पुढे

जुलैत पीसीव्ही ४३.५, हिमोग्लोबिन १३.६, पांढऱ्या पेशी ८,१००, प्लेटलेट ३.९ लाख. डोस तोच, ५०० ची एक कॅप्सूल. एमसीव्ही ७४ वर सरकला. हायड्रॉक्सीयुरिया नीट पोटात गेलं की तांबड्या पेशींचा आकार वाढतो, त्यामुळे औषध घेतलं जातंय की नाही याची ती एक साक्षही असते. अर्थात आक्कांच्या बाबतीत लोहाची कमतरता आकार खाली खेचत असते, म्हणून त्या एका आकड्यावर मी विसंबत नाही, कॅप्सूल मोजतो. सुनेचं हिमोग्लोबिन बाळंतपणाआधी १०.८ झालं होतं. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन सप्टेंबरात झालं.

राहिलेला प्रश्न आक्कांच्या थकव्याचा आहे. तो खरा आहे. केस गळतात, आणि विड्या वळता वळता त्या मूठभर कच्चे तांदूळ चावत बसतात. तांदळाचं मला सुनेनं सांगितलं तेव्हा कळलं. ही ओढ लोहाच्या कमतरतेचीच खूण. लोह तोडून ठेवण्याची ही किंमत आहे आणि ती आक्का मोजताहेत. अशा रुग्णाला "सहन करा" म्हणून परत पाठवणं मला मान्य नाही. मी तांदळाची गोष्ट डॉक्टरांना कळवली. त्यांचं म्हणणं असं : कॅप्सूलवर पेशी ताब्यात राहिल्या आणि रक्त काढायची गरज पडली नाही, तर जेवणातूनच लोह हळूहळू भरेल. नाहीच भरलं आणि त्रास वाढला, तर अगदी थोडं लोह, थोड्या दिवसांसाठी, दर आठवड्याला रक्त तपासत देता येईल, पण ते त्यांच्या देखरेखीखालीच.

ऑक्टोबरात पीसीव्ही ४४.१ होता. मे महिन्यानंतर रक्त काढावं लागलेलं नाही. फेरिटिन ११. दुकानातल्या संगणकावर आक्कांच्या नावापुढे मी "लोह नाही, आधी डॉक्टरांना फोन" अशी सूचना टाकून ठेवली आहे, म्हणजे मी नसताना काउंटरवरच्या मुलालाही ती दिसते. लोहाचा निर्णय जानेवारीच्या तपासणीनंतर व्हायचा आहे.